हिरव्या गाडीचं कार्पेट

पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात आमच्या भागातली एक हिरवी, दोन सीटची, उघडी गाडी गेली होती. तिचे फोटो तुमच्यापैकी पुष्कळांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. फोटोत गाडीपुढे एक पाटी दिसते. तिच्यावर मालकाचं नाव आहे. इंजिन कुणी जुळवलं, रंग कुणी दिला, त्यांची नावं आहेत. सीटा शिवणाऱ्या पुण्याच्या दुकानाचं नाव तर जरा ठळकच आहे. आतलं कार्पेट कुणी घातलं, ते कुठंही लिहिलेलं नाही.

कार्पेट मी घातलं. केजला स्टँडजवळ माझं कुशनचं दुकान आहे. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या, वाचकांना आवडतात' असा निरोप पाठवला, तेव्हा मी म्हणालो, मला फक्त एकच अनुभव लिहायचा आहे. ते म्हणाले, चालेल. एकच अनुभव आतून किती लांब असतो, हे त्यांनी विचारलं नाही.

माझे आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. मी ऊसतोड टोळ्यांच्या फाटक्या ताडपत्र्या शिवायला बसलो, तो मशिनीवरून उठलोच नाही. ताडपत्रीवरून ट्रॅक्टरच्या सीटवर आलो, तिथून काळ्या-पिवळ्या जीपवर आणि जीपवरून कारवर. कुणी शिकवलं नाही. ज्यांच्याकडे शिकायला गेलतो, त्यांनी चहा आणायला लावला. मी चहा आणून द्यायचो आणि त्यांचा हात कसा चालतो ते बघून घ्यायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचा धंदा म्हणजे शिलाई. शिलाई सगळ्यात शेवटी येते. आधी बसणारा माणूस बघावा लागतो. गुत्तेदाराची सीट एकाच बाजूला फाटते, कारण पाकीट मागच्या खिशात असतं आणि ते जाड असतं. मास्तरांची सीट फाटत नाही, कारण ते कंपनीचं प्लास्टिक काढतच नाहीत. जीपच्या सीटला मी दुहेरी रेक्झिन लावतो, कारण तिथे ज्वारीचं पोतं, कोंबडी आणि नवरदेव एकाच फेरीत बसू शकतात.

पायाखालचा प्रकार त्याहून नाजूक. एकदा एक कार्यकर्ता आला. त्याला पायातल्या रबरी मॅटवर विरोधी गटाच्या पुढाऱ्याचा फोटो छापून हवा होता. मी छापून आणून दिला. निवडणूक झाली, आणि हाच माणूस त्या गटात गेला. घाईघाईत मॅट बदलायला आला. मी तीच मॅट उलटी करून कडेला नवी गोट मारून दिली. भाव नव्या मॅटचा घेतला. त्याने घासाघीस केली नाही. तसं गिऱ्हाईक परत भेटलं नाही.

आता हिरव्या गाडीकडे येतो.

अंबाजोगाईच्या बाजूला आबासाहेब म्हणून एक बडे बागायतदार आहेत. ऊस आहे, बंगला आहे, कारखान्याच्या बैठकीत ते खोकले तरी लोक त्याचा अर्थ लावतात. त्यांच्या घरचं काम माझ्याकडे कितीतरी वर्षांपासून यायचं. म्हणजे ट्रॅक्टरच्या सीटा यायच्या, ट्रॉलीच्या ताडपत्र्या यायच्या, एकदा म्हशीची झूल आली. कार मात्र पुण्याला जायच्या. माझ्या दुकानासमोरून जायच्या आणि नवी सीट कव्हरं घालून माझ्या दुकानासमोरून परत यायच्या. मी कधी काही बोललो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर बोललो नाही.

ही हिरवी गाडी त्यांच्या वडिलांनी हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या वारसांकडून घेतली होती. नंतर ती खताच्या गोदामात पडून राहिली. आबासाहेबांचे जावई पुण्याला असतात. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी ती पुण्याला नेऊन इंजिन, रंग, सीटा सगळं करून घेतलं. फक्त पायाखालचा पत्रा उघडा राहिला, कारण तोवर आबासाहेबांचा धीर संपला. गाडी महिनोन् महिने तिकडेच अडकली होती. त्यांनी ती उचलून बंगल्यावर आणली आणि मला बोलावणं धाडलं.

मी गेलो. गाडी पोर्चमध्ये उभी होती. इतकी बुटकी गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. जीपमध्ये माणूस चढतो. या गाडीत माणूस उतरतो, विहिरीत उतरल्यासारखा. काचेवर एका कोपऱ्यात पुण्याच्या सीटवाल्याचं स्टिकर होतं. ते मी आधी पाहिलं, गाडी नंतर.

"काय मिस्त्री, जमंल का?" आबासाहेबांनी विचारलं.

"जमायला काय झालं? म्हशीची झूल जमली, हे न्हाई जमायचं?"

ते हसले नाहीत. मी भाव सांगितला. ते म्हणाले, "लई सांगताव." मी म्हणालो, पुण्याला विचारून बघा. ते म्हणाले, विचारलाय. म्हणजे पुण्याचा भाव माझ्यापेक्षा जास्त होता, हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. इथून पुढे घासाघीस करायला मजा असते. पण त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून खाली आलो.

"मजुरी कमी करतो," मी म्हणालो. "पण दाराच्या उंबऱ्यावर पितळी पट्टी लावीन. बोटभर. तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव. खाली 'केज'."

आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ट्रॅक्टरच्या सीटने त्यांच्याशी बोलायला सुरुवात करावी, तसं.

"पट्टी कावून पाहिजे?"

"त्यांचं स्टिकर हाय. माझी पट्टी कावून नको?"

जावईबापू मध्ये पडले. म्हणाले, "मामा, परदेशात अशी पट्टी लावतात. चांगली दिसते." माणूस चांगला होता. त्यानंतर मी त्यांच्याशी जेवढा भांडलो, तेवढा भांडायला नको होता.

आबासाहेब विचार करून म्हणाले, "ठीक हाय. येत्या दसऱ्याला गाडीची पूजा होईल. त्याच्या पुढच्या दसऱ्यापर्यंत कार्पेट टिकलं तर लावा पट्टी. फाटलं, झिजलं, वास मारला, तर पट्टी न्हाई."

मी हात पुढे केला. त्यांनी हातात हात दिला. पट्टी मी त्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या एका कारागिराकडून कोरून आणली आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग निवड सुरू झाली. आबासाहेबांना मांडवात अंथरतात तसला लाल पट्टा हवा होता, कारण मंत्री आले की तो अंथरतात. जावयांना दाट लोकरीचं, आखूड लव असलेलं कार्पेट हवं होतं, कारण असल्या गाडीत मूळचं तसलंच असतं. मला रबर हवं होतं.

रबराची बाजू मी अजून सोडलेली नाही. गाडी उघडी आहे, पाऊस आत येणार. आमची माती काळी. बुटाला एकदा लागली की ती मालकाबरोबर घरी जाते. रबर पाइपाने धुता येतं. पण जावई म्हणाले, "मिस्त्री, रबराखाली पाणी अडकतं आणि पत्रा आतून सडतो. जुन्या गाड्या अशाच मेल्यात." हे खरं होतं. मी स्वतः असे कितीतरी सडलेले पत्रे पाहिले होते. म्हणून मला जास्तच राग आला.

"लोकर काय, बुटाच्या टाचेखाली चार दिसात टक्कल पडंल तिला," मी म्हणालो.

"दाट असेल तर नाही पडणार."

"तुमी जीपमध्ये बसलाव का कधी?"

"नाही."

"मग झालं."

कशाने काही ठरेना. तेव्हा मी माझ्या पद्धतीने ठरवायचं म्हटलं. नवं कापड आलं की मी ते पुस्तकात बघत नाही, ते जीपला लावतो. केज-धारूर रस्त्यावर दिलावर म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक आहे, तो काळी-पिवळी चालवतो. त्याच्या जीपमध्ये दिवसाला जेवढे पाय पडतात, तेवढे त्या हिरव्या गाडीत तिच्या मरेपर्यंत पडणार नाहीत. मी रबर, काथ्या, नायलॉन आणि लोकर असे चार तुकडे आणले. चारी तुकडे चार जागी चिकटवले. लोकरीचा तुकडा सगळ्यात महागाचा, म्हणून त्याला सगळ्यात वाईट जागा दिली. मागच्या दाराशी, जिथून झाडून सगळे पॅसेंजर चढतात आणि उतरतात. मनातून मला तो फाटलेला बघायचा होता, हे आता सांगायला हरकत नाही.

"दिलावर, कापडाला हात लावायचा न्हाई. झाडायचं न्हाई, धुवायचं न्हाई. फेऱ्या मारायच्या," मी बजावलं.

"मिस्त्री, मेरी जीप हाय का तुमची शाळा?"

"मागच्या सीटचं रेक्झिन फुकट लावून देतो."

"शाळा हाय," दिलावर म्हणाला.

पंधरवड्याने जावई मुद्दाम पुण्याहून आले. आबासाहेबही आले. स्टँडवर जीप उभी केली आणि आम्ही तिघं वाकून तिच्या आतला पत्रा बघू लागलो. शेंगावाल्यापासून कंट्रोलरपर्यंत सगळं स्टँड आमच्याभोवती जमलं. एकाने मला हळूच विचारलं, जीपमध्ये काय सापडलं? मी म्हणालो, अजून बघतोय.

काथ्याच्या दशा निघाल्या होत्या. दिलावर म्हणाला, बायकांच्या पायाला तो टोचतो म्हणून शिव्या खाव्या लागल्या. नायलॉन बसून सपाट झालं होतं आणि खालून सायलेन्सर जातो तिथे वाळल्या भाकरीसारखं वर आलं होतं. रबर वरून झकास होतं. उचललं, तर खाली पाणी आणि पत्र्यावर तांबूस डाग. जावई काही बोलले नाहीत. त्यांनी बोलावं अशी माझी इच्छा होती.

आणि दाराशी, सगळ्यात वाईट जागी, लोकरीचा तुकडा जसाच्या तसा. धूळ बसली होती एवढंच. लव उभी. हाताने चेपली तर परत उठायची. मी नखाने खरवडून बघितलं. आबासाहेबांनी बघितलं. ते म्हणाले, "मिस्त्री, टक्कल दिसंना कुठं."

माझ्याच जीपने मला हरवलं. मी म्हणालो, लोकर घालू.

काम मात्र मी मन लावून केलं. रागात माझा हात जास्त चांगला चालतो. खाकी कागदाचे फर्मे कापले. असल्या गाडीत सरळ जागा कुठंच नसते. मधे गिअरचा उंचवटा, बाजूला सीटचे रूळ, पुढे पेडल. कार्पेट पेडलपाशी जाड झालं तर ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो आणि मग रंग बघायला गाडी उरत नाही. तिथे मी खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, पातळ केला. ड्रायव्हरची टाच जिथे टेकते तिथे चामड्याचा तुकडा शिवला. कडेला चामड्याचीच गोट मारली. सगळं टिचबटणांवर बसवलं, म्हणजे भिजलं तर काढून उन्हात टाकता यावं. बटणांची सूचना जावयांची. मी तिला आधी नाही म्हणालो, मग माझी म्हणून अमलात आणली. रंग मातकट करडा. लाल पट्ट्याचं आबासाहेब विसरले नव्हते, पण सुनेने त्यांना आतून काहीतरी सांगितलं आणि तो विषय थांबला.

दसऱ्याला पूजा झाली. बॉनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबं, समोर झेंडूचा हार. मुदत सुरू झाली.

त्यानंतर काही दिवसांनी दिलावर सीटचं रेक्झिन लावून घ्यायला दुकानात आला. मी काम करत होतो, तो स्टुलावर बसून बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "मिस्त्री, तो दाराजवळचा तुकडा परत द्या ना. लई बरकत होती त्याची."

"कसली बरकत?"

"पॅसेंजर कसे अदबीने चढायचे. चपला हातात घेऊन."

माझी मशीन थांबली.

"चपला हातात?"

"मग? एवढं मऊ कापड बघून कोण पाय देणार त्याच्यावर? बाया खालीच चपला काढायच्या. एक म्हातारी तर त्याला हात लावून पाया पडली, मग चढली. बाकीच्या ठिकाणी काय, बिनधास्त. चिखल, थुंकी, सगळं."

"अरे, मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी म्हणला, हात लावायचा न्हाई. हात न्हाई लावला."

त्याला मी काय काय म्हणालो, ते या अंकात छापता येणार नाही. दिलावरने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रेक्झिन काळं लावताव का तपकिरी?"

माझ्या डोळ्यांसमोर ड्रॉवरमधली पट्टी आली. अख्ख्या केज-धारूर रस्त्याने ज्या कापडावर पाय दिला नाही, ते मी टिकाऊ म्हणून गाडीत शिवलं होतं. आता बागायतदाराची गाडी म्हणजे येणारे-जाणारे पाहुणे, पुतणे, भाचे, फोटो काढणारे कार्यकर्ते. दिवाळीपर्यंत लोकरीची चाळण होणार. मी दुसऱ्या दिवशी एसटी पकडली. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. बरोबर रबराचा गुंडाळा घेतला होता.

बंगल्यावर पोचलो तेव्हा गाडी अंगणात होती. आत दोन पुतणे बसून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होते. गाडीच्या दोन्ही दारांखाली चपलांचे जोड लावून ठेवलेले. आबासाहेब आले, चावी घेतली, पुतण्यांना हुसकलं. मग खांबाला हात टेकून त्यांनी पायातले जोडे काढले, दारापाशी जुळवून ठेवले, आणि अनवाणी गाडीत उतरले. गेटपर्यंत चक्कर मारून परत आले. जोडे घातले.

"कसं आलताव मिस्त्री?" त्यांनी विचारलं. "ते रबर कशाला आणलं?"

"ट्रॅक्टरसाठी," मी म्हणालो.

परतताना एसटीत मला पहिल्यांदा झोप लागली. माझी परीक्षा चुकली नव्हती. जीपमध्ये जी माणसं होती, तीच माणसं गाडीत होती. ते कापड दोन्हीकडे एकाच कारणाने टिकत होतं.

वर्षभर ते टिकलं. प्रदर्शनालासुद्धा. जावयांनी सांगितलं की तिथे एक परीक्षक साहेब आत बसायला निघाले, तेव्हा आबासाहेबांचा ड्रायव्हर ओरडला, "साहेब, बूट!" परीक्षक थबकले, मग मोज्यांवर आत बसले, आणि बाहेर येऊन वहीत बराच वेळ लिहीत राहिले. पाटीवर माझं नाव नव्हतं, कारण मुदत अजून संपली नव्हती. हे आबासाहेबांचं म्हणणं. सीटवाल्याला मुदत नव्हती, हे माझं.

पुढचा दसरा आला. मी पांढरे कपडे घातले, पट्टी धुतल्या रुमालात बांधली, स्क्रू आणि पेचकस खिशात टाकला. पूजा आटोपल्यावर मी दार उघडून कार्पेट सगळ्यांना दाखवलं. लव उभी. चामड्याच्या तुकड्यावर टाचेची खूणसुद्धा नाही. जावई म्हणाले, "मामा, कमाल आहे. नवंच वाटतं." मी रुमाल सोडला.

आबासाहेब वाकले. हाताने लव चेपून बघितली. सावकाश उठले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "बोलणं काय झालं होतं? टिकलं तर."

"टिकलं की."

"टिकायला त्याच्यावर पाय पडाया पाहिजे. वर्षात एकाची चप्पल लागली का याला? मी सवता अनवाणी चालवतो. देवघरातली सतरंजी बी टिकती. तिच्यावर कुणी नाव लिहितं का?"

मी घासाघिशीत आयुष्य काढलं आहे. समोरचा कुठे वळणार, ते मला त्याच्या आधी कळतं. हे मला कळलं नव्हतं. सगळं अंगण ऐकत होतं. माझं डोकं फिरलं.

"तुमाला कुणी सांगितलं होतं चपला काढायला? मी सांगितलं होतं? कार्पेट पाय द्यायलाच असतं! मी टाचेला चामडं कशाला लावलं मग, आरती करायला?"

जावई म्हणाले, "मामा, द्या हो त्यांना—"

"थांबा जावईबापू." आबासाहेबांनी हात वर केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सौदा होता. "मिस्त्री, मी मागं जात न्हाई. पट्टी आत्ता लावा. फकस्त एक करा. तुमच्या पायात चपला हायत. तशाच आत बसा. गाडी गेटपर्यंत नेऊन आणा. तुमच्या चपलेनं काय झालं न्हाई, तर तुमचं काम पक्कं. हितंच स्क्रू मारा."

सोपं होतं. चपला कोरड्या होत्या. पाऊस कधीच थांबला होता, अंगण शेणाने सारवलेलं होतं, चपलेला लागावी अशी माती नव्हती. लोकर दाट होती आणि खाली नमदा होता. दहा माणसं बुटांनी नाचली असती तरी त्या कार्पेटला काही झालं नसतं. हे मला कळत होतं, आणि माझं नाव रुमालावर उघडं पडलं होतं. "बघाच आता," मी म्हणालो. ताडताड गाडीपाशी गेलो, दार धरलं, आत उतरलो. गाडी सुरू झाली. मी गेटपर्यंत नेली, वळवली, पोर्चमध्ये आणून बंद केली. पाय पेडलवरून काढला. लोकर तळव्याला मऊ लागली.

आबासाहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते जिथून गाडी निघाली होती तिथे बघत होते. तिथे माझ्या चपला होत्या, शेजारी शेजारी, जुळवून ठेवलेल्या.

पट्टी ड्रॉवरमध्ये आहे. दर दसऱ्याला मी जातो, आणि आबासाहेब विचारतात, "काय मिस्त्री, बसताव का?"